मदत हवी आहे: ओटीपोटाच्या इन्फेक्शनने लिव्हरजवळ दुखतं का? सीटी कोणता करायचा?

नमस्कार, अमळनेरहून लिहितेय. वहिनीला उजव्या बरगडीखाली जाम दुखतंय, श्वास घेतला की खोकली की कळ थेट उजव्या खांद्यात. घरी सगळे पित्त पित्त करत बसले, आईने तर भरीत आणि कळण्याची भाकरी बंदच करून टाकली तिची. सोनोग्राफीत खडा नाही, लिव्हर ठीक, एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणीपण जवळपास नॉर्मल. जळगावच्या गायनॅक मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की आधीपासून अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं, बारीक ताप यायचा, आणि ही बाई गप्प! मॅडम म्हणे फिट्झ-ह्यू-कर्टिस असू शकतं, म्हणजे ओटीपोटाच्या इन्फेक्शनने लिव्हरच्या आवरणाला सूज, कॉन्ट्रास्ट सीटी म्हणजे शिरेतून औषध सोडून करा, आर्टेरियल फेज (औषध धमन्यांत असतानाचे फोटो) पाहिजेच. सेंटरवाला म्हणतो साधा करा, स्वस्तात होईल, भाऊपण तेच धरून बसलाय. साध्यात दिसेल का?

धुळेकर_रेडिओ: ताई, साधा अजिबात नको, पैसे पाण्यात. यात लिव्हरच्या आत काही नसतं, सूज येते वरच्या आवरणाला, म्हणून एलएफटी बिघडत नाही आणि सोनोग्राफीत सहसा काही सापडत नाही. शिरेतून औषध सोडल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने आर्टेरियल फेज घेतात, तेव्हा लिव्हरच्या कडेने पांढरी रेघ चमकते, पुढच्या फेजमध्ये ती बऱ्याचदा फिकी पडते. चिठ्ठीवर फेज लिहून घ्या, आणि ओटीपोटपण त्यातच घ्यायला सांगा, गर्भनळ्यांची सूज, पू झालाय का तेही कळतं. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि प्रेग्नन्सी टेस्ट. कसली ॲलर्जी असेल तर आधीच बोला.

चोपड्याची_सिस्टर: आणि सीटी नॉर्मल आला म्हणून आजार नाहीच असं नसतं हं. पक्कं निदान पोटात दुर्बीण घालून, जुनं झालं असेल तर लिव्हर आणि पोटाच्या भिंतीमध्ये केळीच्या सोपटाच्या धाग्यांसारखे तंतू दिसतात. पण त्यासाठी कोणी लगेच दुर्बीण घालत नाही, डॉक्टर तपासून अँटिबायोटिक सुरू करतात, बहुतेक १४ दिवसांचा कोर्स. क्लॅमिडिया, गोनोरिया या संबंधातून पसरणाऱ्या इन्फेक्शनचा स्वॅब झाला का? आपल्याकडे टीबीपण डोक्यात ठेवावा लागतो.

अमळनेरची ताई: स्वॅब काल दिलाय. भावाला समजावते. पण त्यालापण तपासायचं म्हणतात, तो भडकलाय.

चोपड्याची_सिस्टर: भडकू द्या, नवऱ्याला तपासून औषध दिलं नाही तर वहिनीला परत होईल. कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध बंद, हे मॅडमकडूनच सांगवा, तुमचं ऐकणार नाही तो.

धुळेकर_रेडिओ: आणि सीटीची सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर ती रेघ धड दिसत नाही. मध्येच ताप चढला, उलट्या झाल्या, चक्कर आली तर रिपोर्टची वाट न बघता ॲडमिट करा.