मदत हवी आहे: संख्यारेषेवर बाण उलटा येतोय, उद्या टेस्ट

माटोळी (डिचोली): मुलगी अकरावीत. असमानता सोडवून संख्यारेषेवर दाखवायची आहे. −३ बरोबर येतं, पण तिचा बाण डावीकडे आणि पुस्तकातला उजवीकडे. पुस्तकात चूक आहे का? लवकर सांगा, ट्यूशनचे सर फोन उचलत नाहीत.

सांतेर: गणित कुठाय? −३ वरून काय ओळखायचं?

पात्रांव: सोपं आहे. चिन्हाचं टोक जिकडे, तिकडे बाण. आम्ही म्हापशाला असंच शिकलो, कधी अडलं नाही.

निवृत्त_मास्तर: ही युक्ती शिकवू नका हो. ५ > क्ष असं लिहिलं तर टोक उजवीकडे आणि उत्तर डावीकडे. क्ष डाव्या बाजूला असेल तरच ती चालते.

पात्रांव: मग क्ष डावीकडे घ्यायचा, मास्तर. कोण अडवतंय?

माटोळी: −२क्ष + ३ < ९. चिन्हाचं टोक डावीकडेच आहे, म्हणून तर तिने तसं काढलं!

निवृत्त_मास्तर: बघा. −२क्ष < ६, आता −२ ने भागलं की चिन्ह उलटतं: क्ष > −३. पटत नसेल तर क्ष = ० ठेवा. ३ < ९ खरं, म्हणजे शून्य उत्तरात हवं, आणि ते −३ च्या उजवीकडे आहे.

सांतेर: उलटवायचं लक्षात राहत नसेल तर −२क्ष पलीकडे न्या. −६ < २क्ष, −३ < क्ष. ऋण संख्येने भागायची वेळच नाही.

कुळागर: तुटक रेषा काढून वरचा भाग रंगवा.

सांतेर: ते क्ष आणि य दोन्ही असले तर. इथे य कुठाय?

पात्रांव: अवांतर: < आणि > ही चिन्हं पहिल्यांदा छापली गेली १६३१ मध्ये, थॉमस हॅरियटच्या पुस्तकात. तोवर तो वारलाही होता.

कुळागर: चौथीपर्यंत मराठीत, पाचवीपासून एकदम इंग्रजीत. पोरांचं डोकं उलटणार नाही तर काय, चिन्हाचं काय घेऊन बसलात!

माटोळी: माध्यमाचं नंतर भांडा. −३ वरचा गोल तिने भरलाय, चालेल? आणि ‘अ’ मध्ये क्ष पूर्णांक म्हटलंय, ‘ब’ मध्ये वास्तव. रेषा तीच ना?

निवृत्त_मास्तर: हे आधी सांगायचं ना, ताई! गोल पोकळ हवा. −३ ठेवून बघा, ९ < ९ होतं का? ‘ब’ ला पोकळ गोल आणि उजवीकडे सलग रेघ. ‘अ’ ला रेघच नको, −२, −१, ०, १ वर नुसते भरीव ठिपके आणि पुढे तीन टिंबं.

पात्रांव: टिंबं टोकाच्या बाजूलाच आली की नाही?