अथाबास्काची तेलवाळू: ‘धुतली की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

काळाकातळ: ‘कॅनडातल्या अल्बर्टात तेल काढणं म्हणजे वाळू गरम पाण्यात धुणं, बाकी सगळा बागुलबुवा.’ रेतीवाला यांची ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. धुता येते ती खाणीतली वाळू. वाळूवरचं माती-खडकाचं झाकण साधारण ७५ मीटरच्या पुढे गेलं की खाण परवडत नाही, आणि काढण्याजोग्या साठ्यातला सुमारे ८० टक्के भाग त्याहून खोल आहे. तिथे ५ मीटरच्या अंतराने एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी मारतात. आधी काही महिने दोन्हींत वाफ फिरवून मधली वाळू तापवायची. मग वरून वाफ सोडायची, खालून बिटुमेन, म्हणजे वाळूतलं घट्ट काळं तेल, उपसायचं. खालच्या विहिरीत थेट वाफ शिरली तर वाळू अडवणारी जाळी झिजून फाटते, म्हणून त्या विहिरीवर द्रवाचा थर राखावा लागतो. मध्ये शेल या चिकणमातीच्या घट्ट खडकाचा पट्टा आला तर वाफ वर चढतच नाही. हे धुणं आहे?

रेतीवाला: खाणीपुरतं धुणंच आहे! अल्बर्टातले संशोधक कार्ल क्लार्क यांनी १९२० च्या दशकात तेच सिद्ध केलं, १९६७ पासून व्यापारी उत्पादन चालू आहे. तिथल्या वाळूच्या कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून डांबर सुटतं. अमेरिकेतल्या युटाच्या वाळूला तेल थेट चिकटलेलं, तिथे नुसतं गरम पाणी चालत नाही. दोन टन वाळूमागे एक बॅरल, हिशेब सरळ आहे.

गाळसाक्षी: आणि धुऊन उरलेला, तळ्यांत साठवलेला गाळ? धुण्याच्या पाण्यातल्या कॉस्टिक सोड्याने डांबर सुटतं, पण चिकणमातीचे कणही सुटे होऊन पाण्यात तरंगत राहतात. दोन-तीन वर्षांत घनभाग ३० टक्क्यांवर येतो आणि गाडी तिथेच अडते. नीट न लागलेल्या दह्यासारखा हा गाळ दशकानुदशकं तसाच राहतो, त्यावर माणूस उभा राहू शकत नाही. याला तुम्ही ‘बाकी’ म्हणता?

शब्दखाण: आधी ‘डांबर’, म्हणजे ‘टार’, म्हणणं थांबवा. टार कोळसा किंवा लाकूड तापवून निघतं. मराठीत डांबरगोळीतलंही डांबर आणि रस्त्यावरचंही डांबर, म्हणून हा घोळ. तेलवाळूत आहे ते बिटुमेन.

रेतीवाला: शब्दांचं नंतर बघू. गाळावर उपाय म्हणून जिप्सम हे कॅल्शियमचं खनिज आहे ना! कॅल्शियमने मातीचे कण एकत्र येतात.

गाळसाक्षी: तेच पाणी परत कारखान्यात फिरतं. त्यातलं कॅल्शियम वाढलं की माती बिटुमेनला चिकटते आणि तेल कमी सुटतं. एकीकडे वाचवलं ते दुसरीकडे गेलं. कण एकत्र आणणारं पॉलिमर घालून सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे वेगाने फिरवून पाणी वेगळं करा, पातळ थर हिवाळ्यात गोठवून उन्हाळ्यात निथळू द्या. उपाय आहेत, पण त्यांचा खर्च तुमच्या ‘सरळ’ हिशेबात नाही.

रेतीवाला: ठीक, गाळाचा खर्च धरायला हवा होता. पण वाफेच्या पद्धतीत ही तळी लागत नाहीत, हे काळाकातळ यांनी मुद्दाम टाळलं.

काळाकातळ: मुद्दाम नाही, पण राहिलं खरं. तळी नाहीत. मात्र एका बॅरलमागे अडीच-तीन बॅरल पाण्याची वाफ करावी लागते आणि ती नैसर्गिक वायू जाळूनच होते. दाब जास्त झाला की झाकणाचा खडक फुटतो. अल्बर्टातल्याच जॉसलिन या वाफेच्या प्रकल्पात मे २००६ मध्ये वाफ थेट जमिनीबाहेर आली होती.