एकाच हाप्यातली तिलापियाची पिल्लं लहान-मोठी का होतात?

भीमाकाठ: इंदापूरकडच्या शेततळ्यात ६ × ४ मीटरच्या हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) गिफ्ट या सुधारित जातीच्या तिलापिया माशाची २००० पिल्लं सोडली आहेत. सगळी एकाच दिवशी आली, साधारण १ ग्रॅमची. ४५ दिवसांनी काही ३० ग्रॅमची, काही जेमतेम ८. खाद्य दिवसातून दोनदा. दोष बीजाचा (विकत आणलेल्या पिल्लांचा) की खाद्याचा?

बोटुकली_बारामती: दोनदाच खाद्य, तेही एका कोपऱ्यात पडत असणार. दांडगी पिल्लं ती जागा अडवतात, किरकोळ पिल्लं धाकानेच पुढे येत नाहीत. मग फरक आठवड्यागणिक फुगतो. थोडा फरक मुळातच असतो म्हणा. तिलापियाच्या माद्या एकाच दिवशी अंडी देत नाहीत, त्यामुळे पाच-सहा दिवस मागेपुढे उबलेली पिल्लं एका पिशवीत येतात.

आधी वजनं घ्या. खाद्यावर जमलेली पिल्लं पकडू नका, तिथे मोठीच सापडतात. हापा एका बाजूने उचलून सगळी गोळा करा, त्यातली ५० एकेक करून तोला. सरासरी १५ ग्रॅम निघाली तर २००० पिल्लं म्हणजे ३० किलो. वजनाच्या ५ टक्क्यांनी रोज दीड किलो खाद्य. ते चार वेळा, हाप्याभर पसरून. १ आणि २ मिलिमीटरचा दाणा मिसळून टाका. आणि प्रतवारी कराच: आदल्या दिवशी खाद्य बंद, पहाटे काम उरका, लहान-मोठी दोन हाप्यांत.

तळ्यावरचा: पहाटे नको! हिरव्या पाण्यात प्राणवायू तेव्हाच सगळ्यात कमी असतो. ऊन पडून तास-दीड तास झाला की करा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवून.

लहान पिल्लांच्या हाप्यातली बरीच पिल्लं मोकळीक मिळाली की उचल खातात. तीन आठवड्यांत हलली नाहीत तर त्यांच्यावर खाद्य वाया घालवू नका. नर-मादीही तपासा, नर वेगाने वाढतो. गुदद्वारामागच्या उंचवट्यावर जेन्शियन व्हायोलेटचा (जांभळ्या रंगाचा) थेंब लावून पुसा. मादीला आडवी चीर दिसते, नराला नाही. ८ ग्रॅमच्यात हे नीट कळत नाही, २५-३० ग्रॅमच्या पुढे बघा. माद्या बऱ्याच निघाल्या तर बीज 'सगळे नर' म्हणून विकलेलं असलं तरी तसं नाही.

भीमाकाठ: हाप्याला शेवाळ धरलंय, त्याचा काही संबंध?

बोटुकली_बारामती: आहे की. भोकं बुजली की आतलं पाणी बदलत नाही, प्राणवायू घटतो, खाणं मंदावतं. दर आठवड्याला बाहेरून ब्रश मारा. प्रतवारीच्या दिवशी हापाच बदलला तर उत्तम.