बंद जिनात (कापसातली सरकी काढायच्या गिरणीत) कलाकारांची सहकारी गॅलरी काढायचीय, सुरुवात कुठून करू?

खान्देशी_कुंचला
नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर, पारोळा, चोपडा भागातले चित्रकार, बरेच जण शाळेत चित्रकला शिकवतो. प्रदर्शन लावायचं म्हटलं की मुंबई नाहीतर पुणे, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायला वर्षं जातात, आणि खाजगी गॅलरीत चित्र विकलं तरी कमिशन, फ्रेमिंग, टेम्पो धरून हातात काय उरतं ते तुम्हाला माहितीये. माझी आतेबहीण इंग्लंडात सेंट आइव्हजला पेनविथ गॅलरी बघून आली, समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, पूर्वी पिलचर्ड मासे खारवून भरायचे त्या कारखान्यात १९६१ पासून गॅलरी आहे आणि चालवतात कलाकारच. फोटो बघितले आणि मला आमच्याकडचं बंद पडलेलं जिनच दिसायला लागलं, तसंच उंच छप्पर, तसाच उजेड. मालक भाड्याने द्यायला तयार आहेत. कुणाला यातलं माहिती असेल तर सांगा ना.

तापीकाठ
भो, विषय एकदम जवळचा काढला. पेनविथची जागा सगळ्यांना आवडते पण त्यांची भांडणं आधी वाचा. संस्था १९४९ ची, गावातल्या जुन्या कलाकार संस्थेत नव्या पद्धतीचं काम करणाऱ्यांचं पटेना म्हणून शिल्पकार बार्बरा हेपवर्थ, चित्रकार बेन निकल्सन आणि पीटर लॅनयन, कुंभारकाम करणारे बर्नार्ड लीच असे लोक बाहेर पडले आणि ही काढली. वर्षभरात यांच्यातच नियम आला की सभासदांचे तीन गट करायचे, पारंपरिक, आधुनिक आणि हस्तकला, त्यावरून लॅनयन राजीनामा देऊन मोकळे झाले. म्हणजे एवढी मोठी माणसं, तरी भिंत कुणाला मिळणार यावरच फुटली. आपल्याकडे निसर्गचित्रवाले आणि अमूर्तवाले एकाच चहाच्या टपरीवर बसत नाहीत, म्हणून सांगतो, सभासद घेताना काम बघून घ्या, कडक बघा, पण एकदा घेतला की त्याने काय लावावं यात कुणी पडायचं नाही. हे पोटनियमातच लिहा.

सहकार_धुळे
कागदाचं मी सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात, तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे चौकशी करा. एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही घेतलेले असोत, कलाकारांसाठी मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं कारण पैसेवाला सभासद बाकीच्यांवर चढून बसू शकत नाही. ऑडिट दरवर्षी, त्यात टाळाटाळ नको. दुसरा रस्ता म्हणजे ७ जणांची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सोबत धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदणी, देणग्यांना ते सोयीचं पण नफा सभासदांत वाटता येत नाही. तुम्हाला चित्रं विकून पोट चालवायचंय, तर सहकारीच बघा दादा.

चुनखडी
इमारतीबद्दल. सिमेंटचा गिलावा अजिबात नको!! जुनी वीट चुन्यात बांधलेली असते, वर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटतात. चुन्याचंच काम करून घ्या, कारागीर शोधावा लागेल पण मिळतो. समुद्रकाठच्या इमारतींना खाऱ्या हवेचा आणि बुरशीचा त्रास, फोर्ट कोचीचं अ‍ॅस्पिनवॉल हाउस बघा, १८६७ ची व्यापारी कंपनी, मिरी आणि खोबरेल तेलाचा धंदा, आता तिथे बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांचं मोठं कलाप्रदर्शन, भरते. आपली अडचण उलटी, मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि वर पत्रा, अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं, एकावर एक ठेवलेले कॅनव्हास चिकटतात. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या, पश्चिमेच्या खिडक्या झाका, आणि मोठी प्रदर्शनं दिवाळी ते होळीच घ्या. भिंतीत खिळे ठोकू नका, वरून रेल लावून तारेने टांगा.

गिरणाथडी
चाळीसगावला केकी मूस यांचं घर बघून या आधी. माणूस गावातच राहून फोटो, चित्रं, शिल्पं करत राहिला, १९८९ ला गेला, आणि आज त्यांच्या घरात ते काम बघायला मिळतं. म्हणजे खान्देशात कला बघायला लोक येत नाहीत हे मला पटत नाही. आणि पैशाचं म्हणाल तर चेन्नईजवळचं चोळमंडल बघा, चित्रकार के. सी. एस. पणिकरांच्या पुढाकाराने १९६६ ला समुद्रकाठी कलाकारांनी गाव वसवलं, जमिनीचे पैसे बाटिक (मेण लावून रंगवलेलं कापड) वगैरे हस्तकलेच्या विक्रीतून उभे केले. फक्त पेंटिंगच्या भरवशावर भाडं निघणार नाही, प्रिंट, कार्डं, मुलांचे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास, सगळं जोडा. आणि गॅलरीत बसायची पाळी प्रत्येकाला, सबब नाही. दोन वेळा कुलूप दिसलं की माणूस तिसऱ्यांदा येत नाही.

खान्देशी_कुंचला
सगळ्यांचे मनापासून आभार. पाळीचं आणि एका मताचं आजच ग्रुपवर टाकतो. @सहकार_धुळे ताई, एक विचारायचं राहिलं, मालक ११ महिन्यांचा करार म्हणतायत, दुरुस्तीचा खर्च आम्ही करणार असू तर?

सहकार_धुळे
मग ११ महिन्यांवर एक पैसाही घालू नका. निदान पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता व्हायचा असं त्यात स्पष्ट लिहून घ्या.