मदत हवी आहे: कोथरूड-कर्वेनगर भागात बेताची भाडेवाढ असलेली सोसायटी

नमस्कार मंडळी. आमचा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. भाडं 22,000 आहे, मालक एकदम 26,000 मागतायत. म्हणजे अठरा टक्के! पाच टक्क्यांपर्यंत आमची तयारी आहे, त्यापुढे झेपत नाही. मुलीची शाळा कोथरूडलाच, त्यामुळे फार लांब जाता येणार नाही.

कर्वेनगर, वारजे, एरंडवणे इथे जुने भाडेकरू वर्षानुवर्षे टिकून आहेत अशा इमारती कुणाला माहीत आहेत का? लिव्ह अँड लायसन्स करार 60 महिन्यांपर्यंत करता येतो. निदान 36 महिन्यांचा, दरवर्षीची वाढ आधीच लिहून नोंदणी करणारे मालक हवेत. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा लिफ्ट किंवा तळमजला हवाच. एजंट नसेल तर फार बरं. तुमच्या इमारतीत गेल्या दोन-तीन वर्षांत भाडं किती वाढलं, तेही कृपया सांगा.