श्रवण-संशोधनातल्या पदकासाठी नामांकन: कोणतं पदक, मसुदा कसा?

अनुनाद
कॉक्लियाच्या (आतल्या कानातल्या शंखाकृती नळीच्या) यांत्रिकीवर पंचवीसेक वर्षं काम केलेल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांचं नाव अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका या ध्वनिशास्त्राच्या संस्थेकडे पाठवायचं आहे. ते सोसायटीचे सभासद नाहीत. फेलोशिपसाठी प्रयत्न करावा की पदकासाठी? बरंचसं काम सहकाऱ्यांबरोबरचं आहे, ते कसं मांडायचं? मानपत्राच्या ओळीचा सध्याचा मसुदा असा: 'बाह्य केशपेशींच्या अभ्यासातील भरीव योगदानाबद्दल' (बाह्य केशपेशी म्हणजे कॉक्लियात कंपनाला जोर देणाऱ्या पेशी). सोबत शोधनिबंधांची यादी आणि उद्धरणांचे आकडे जोडले आहेत.

मंद्रसप्तक
सभासद नाहीत म्हटल्यावर बरेच पर्याय तिथंच गळतात. फेलो सभासदांमधूनच निवडले जातात. सुवर्णपदकही सभासदालाच मिळतं. ते १९५४ साली, सोसायटीच्या पंचविशीच्या निमित्तानं सुरू झालं, १९८१ पर्यंत वर्षाआड होतं, आता दरवर्षी असतं. लिंडसे पुरस्काराला तर पुरस्काराच्या वर्षी १ जानेवारीला वय ३५ च्या आत लागतं, म्हणजे तो प्रश्नच मिटला. सेबाइन पदकाला राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण ते सभागृहं आणि इमारतींच्या ध्वनिशास्त्रासाठी आहे.

तुमच्यासाठी फॉन बेकेशी पदक. मानसशास्त्रीय किंवा शरीरशास्त्रीय ध्वनिशास्त्रातल्या कामासाठी ते दिलं जातं. देश, वय, सभासदत्व यांपैकी कशाचीच अट नाही. मात्र ते दरवर्षी दिलं जात नाही. १९८५ मध्ये योझेफ झ्विस्लॉकी, त्यानंतर थेट १९९५ मध्ये पीटर डॅलोस, १९९८ मध्ये मरे सॅक्स, मग २०१० मध्ये विल्यम रोड आणि २०१२ मध्ये चार्ल्स लिबरमन. तेव्हा फाइल अशी बांधा, की यंदा निवड झाली नाही तर पुढच्या खेपेला नुसती नवी भर घालून पाठवता यावी.

कर्णावर्त
पदक ठरलं, आता ओळीकडे या. 'भरीव योगदान' हे शब्द काढून टाका. कोणाच्याही नावापुढे ते चालतील, म्हणून ते कोणाचंच वर्णन करत नाहीत. आधी काय ठाऊक नव्हतं आणि यांच्यामुळे काय कळलं, एवढंच त्या ओळीत हवं.

रोड यांचंच काम बघा. बेकेशींना १९६१ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः मृतांच्या कानांवरच्या निरीक्षणांसाठी: चांदीचे कण टाकायचे, स्ट्रोबोस्कोपच्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून कंपन बघायचं. कंपन डोळ्यांना दिसावं म्हणून आवाज प्रचंड मोठा ठेवावा लागे. त्यातून कॉक्लियातल्या बेसिलर पटलावरून (आवाजानं कंप पावणाऱ्या पडद्यावरून) धावणारी लाट दिसली, पण तिचा माथा पसरट होता. जिवंत कान सूर इतके बारकाईनं वेगळे करतो ते त्या लाटेतून उलगडत नव्हतं. रोड यांनी १९७१ मध्ये जिवंत स्क्विरल माकडांच्या बेसिलर पटलावर मोसबाउअर तंत्रानं (पटलावर ठेवलेल्या किरणोत्सारी कणाच्या गॅमा किरणांवरून कंपनाचा वेग काढून) मोजमाप केलं. आवाज १० डेसिबलनं वाढवला तरी त्या जागेच्या खास वारंवारितेजवळ कंपन १० डेसिबलनं वाढत नव्हतं, कमी वाढत होतं. आणि प्राणी मेल्यावर ही अरेषीयता नाहीशी होत होती. बेकेशींच्या चित्रात जे नव्हतं ते दाखवणाऱ्याला बेकेशींच्याच नावाचं पदक मिळालं, ही मला या क्षेत्राची फार मोठी गोष्ट वाटते. अशी 'आधी आणि नंतर' जोडी तुमच्या शास्त्रज्ञांच्या कामात शोधा. तीन-चार निबंध निवडून प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा. बाकीची यादी परिशिष्टात. उद्धरणांच्या आकड्यांवरून वाचकसंख्या कळते, शोध कळत नाही.

तारसप्तक
सहकाऱ्यांबद्दल: कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (श्रवण-चेतातंतूंना विजेनं चेतवणाऱ्या, कानात बसवायच्या उपकरणासाठी) २०१३ चा लास्कर पुरस्कार तिघांना मिळाला (ग्रॅम क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर, ब्लेक विल्सन). त्याच कामासाठीच्या २०१५ च्या रस पारितोषिकात हे तिघे होतेच, शिवाय एर्विन होखमायर आणि मायकेल मर्झेनिक. काम तेच, नावं मात्र समिती कुठं रेघ ओढते त्यावर ठरतात. ती रेघ समितीवर सोडू नका. प्रत्येक मोठ्या निबंधाबाबत लिहा: कल्पना कोणाची, उपकरण कोणी बांधलं, मोजमाप कोणी केलं. सहलेखकांना न दुखावता हे लिहिता येतं, आणि प्रामाणिकपणे लिहायलाच हवं.

शिफारसपत्रं सगळी एकाच प्रयोगशाळेच्या गोतावळ्यातली नकोत. त्यांचे निष्कर्ष स्वतः पुन्हा तपासून पाहिलेल्या, सहलेखक नसलेल्या माणसाचं पत्र सगळ्यांत जड. एकच नमुना सगळ्यांना पाठवलात तर पत्रांत तीच वाक्यं येतात आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. त्यापेक्षा एकाला प्रयोगाबद्दल, दुसऱ्याला सिद्धांताबद्दल, तिसऱ्याला निदानातल्या उपयोगाबद्दल लिहायला सांगा.

शून्य डेसिबल
एक तांत्रिक सूचना. मसुद्यात नुसतं 'डेसिबल' लिहू नका. ध्वनिदाब पातळी २० मायक्रोपास्कलच्या संदर्भानं असते. ऑडिओग्रामवरची (श्रवणचाचणीच्या आलेखावरची) श्रवण-पातळी निरोगी कानाच्या सरासरी उंबरठ्याच्या, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या, संदर्भानं. ऑडिओमेट्रीच्या नेहमीच्या हेडफोनवर श्रवण-पातळीतलं शून्य म्हणजे १००० हर्ट्झला साधारण ७, तर २५० हर्ट्झला साधारण २५ डेसिबल ध्वनिदाब. उंबरठा 'किती सरकला' हे सांगताना, वारंवारिता तीच असेल तर, फरक पडत नाही. 'किती आहे' हे सांगताना पडतो. दुसरी नेहमीची चूक: कंपनाचा विस्तार २० डेसिबलनं वाढला म्हणजे दहापट, शंभरपट नव्हे. शंभरपट होते ती ऊर्जा.

अनुनाद
मनापासून आभार. नवी ओळ: 'बाह्य केशपेशींना इजा झाल्यावर श्रवणशक्ती का घटते, हे स्पष्ट केल्याबद्दल'. चालेल?

कर्णावर्त
दिशा बरोबर आहे, पण 'का' हा दावा फार मोठा झाला. त्या उत्तरात डॅलोस, ब्राउनेल अशा अनेकांचा वाटा आहे. मोजलं काय तेवढंच लिहा: 'बाह्य केशपेशींना इजा झाल्यावर बेसिलर पटलाच्या कंपनातील अरेषीयता कशी लोपते, हे जिवंत कॉक्लियात मोजून दाखवल्याबद्दल'. आणि ही मोजणी ज्या निबंधात आहे तो तुमच्या निवडक निबंधांत पहिला ठेवा.