मदत हवी आहे: टायफॉइडनंतर भावाचं पोट आणि मन दोन्ही बिघडलंय. आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध असेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडकडे राहतो. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. वय २९, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली आणि त्याला टायफॉइड झाला. चौदा दिवस अँटिबायोटिक चाललं, ताप गेला, पण पोट काही जाग्यावर आलं नाही. सकाळच्या पाळीला निघायच्या आधी तीन-तीनदा संडासला जातो. दिवसभर पोट फुगलेलं, गुरगुरत असतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिसली की हात न धुता बसणारा पोरगा आता भाकरी कुस्करतो आणि ताटाकडं बघत बसतो.

परवा रात्री दोनला जाग आली. बघते तर हा पायरीवर बसलेला, पोटावर हात. म्हणाला, "आक्का, आत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतंय आणि छाती उगाच धडधडतीय." कशाची भीती वाटतीय विचारलं, तर म्हणे, "तेच तर कळंना."

सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल आलं. मग मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं, त्यांनी गोळी सुरू केली. पाच आठवडे झाले, झोप जरा सुधारलीय. आता मामा आलेत प्रोबायोटिकचा, म्हणजे चांगल्या जिवाणूंचा, डबा घेऊन. महिन्याचे ३,२०० रुपये. वर शौचाची 'जिवाणू तपासणी' करा म्हणतात, तिचे पैसे वेगळे. "सगळा खेळ आतड्यातल्या जिवाणूंचा आहे, डोक्याच्या गोळ्या बंद करा." आईला ते पटतंय, कारण मनाच्या डॉक्टरांकडं जातो हे कळलं तर सोयरीक जमणार नाही ही तिची धास्ती. मीही वाचलं की सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन, ९० टक्के आतड्यातच बनतं. मग मामांचं खरं का? गोळी बंद करायची मला भीती वाटते. आणि त्याला खायला काय घालू, तेही सांगा.

कोरडवाहू:
ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण अर्धं. सेरोटोनिन आतड्यात बनतं, मात्र तिथलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. ते मुख्यतः आतड्याची हालचाल चालवतं. पोटातली खबर वर जाते ती बरीचशी व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवाणूचा एक वाण खाऊ घातला. त्यांची घबराट कमी झाली, पण व्हेगस कापलेल्या उंदरांवर काहीच परिणाम दिसला नाही. त्याआधी २००४ मध्ये जपानमध्ये जन्मापासून जिवाणूच नसलेले उंदीर ताणाला जास्त बिचकतात हे दिसलं होतं. म्हणजे नातं पक्कं आहे. पण उंदरावरून थेट मामांच्या डब्यावर उडी मारता येत नाही. गोळीच्या जागी तो डबा चालेल असं म्हणायला आधार नाही.

आपल्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेला चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. अँटिबायोटिक टायफॉइडचा जंतू मारताना ही वस्तीही उधळून लावतं. ती हळूहळू परत बसते. निरोगी माणसामाणसांतसुद्धा ही वस्ती इतकी वेगळी असते की त्या महागड्या तपासणीवरून औषध ठरत नाही. ते पैसे वाचवा.

होटगी रोड:
माझं डिट्टो असंच झालं होतं, जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर. पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, संसर्गानंतरचा आयबीएस, म्हणजे तपासण्या नॉर्मल पण आतडं चिडलेलं. आणि त्यांनी मला जी गोळी दिली ती नैराश्यावरच्या गटातलीच, फक्त कमी मात्रेत! पोट आणि मेंदू एकाच तारेवर, म्हणून ती दोन्हीकडं वापरतात. आईला हे नक्की सांगा. गोळी आपल्या मनानं एकदम सोडू नका, चक्कर येते, जीव घाबरतो. मात्र यातल्या काही गोळ्यांनी सुरुवातीला पोट ढिलं होतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

शौचात रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठून जुलाब, यातलं काही असेल तर थांबू नका, पोटाच्या डॉक्टरांकडं जा. आणि रात्री-अपरात्री त्याचा जीव फारच घाबरला तर सरकारची टेलि-मानस लाइन आहे, १४४१६.

कोरडवाहू:
खाण्याचं राहिलं. दूध काही दिवस बंद ठेवून बघा, दही-ताक बहुधा सोसतं. पण कढी उकळली की त्यातले जिवाणू मेले, त्यामुळं ताक कच्चंच द्या. ज्वारी सोडू नका, फक्त एकदम दोन भाकरी नकोत. अर्धीपासून सुरू करून आठवड्याला थोडी वाढवा. हरभरा, शेंगदाणे सध्या कमी. इसबगोल डॉक्टरांना विचारून.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे ही गोळी पोटाचीच म्हणायची का?" मी म्हटलं, दोन्हीची. "मग चालू दे," म्हणाली. डबा मामांना परत दिलाय. वजनाचं तुम्ही लिहिलं म्हणून काल काट्यावर उभं केलं. जानेवारीत ६१ होता, आता ५६ आहे. गुरुवारची पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत नेणार.

एकच विचारते. मागाच्या खात्यात उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं. सकाळी सहाला दिलेलं ताक दुपारपर्यंत फार आंबून जातं, तो तसंच पितो. ते चालेल का, की दही देऊन तिथंच पाणी घालायला सांगू?